फक्की

सामन्याच्या आदल्या रात्री दाजी दोरी बादलीत भिजत घालायचे.
कोरडी दोरी खोटं बोलते, म्हणायचे,
दोन बोटं तरी.
पहाटे कुपरेजवर खुंट्या ठोकून ते ती ताणायचे
आणि दुसऱ्या टोकाला मी, शाळेला दांडी मारून,
छातीशी धरलेली.

सरळ रेघ कुणालाही जमते.
मधल्या वर्तुळासाठी घाण्याचा बैल व्हावं लागतं:
मधोमध खिळा, कमरेला दोरी,
हातातल्या डब्याला भोकं,
आणि मागे वळून न बघता एक फेरी.
सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत
तर झाडूने पुसून ते पुन्हा मारायचे.
कुणाला दिसणार आहे, मी विचारलं.
"त्या अकरांना," म्हणाले.
मग डबा ठोकत, "आणि मला."

त्या वर्षी देशाची टीम आली होती.
पाहुण्यांच्या झेंड्याची कुठली बाजू वर
हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.
शेवटी त्यांच्या डॉक्टरनेच येऊन तो सुलटा केला.
दाजींनी आमच्या बिल्डिंगीत वीस पास वाटले.
रांगणेकर म्हणाले, "कुठली टीम? आपली?
फुटबॉलची आपली असते?"

हेच रांगणेकर, वर्ल्डकपच्या महिन्यात
जिन्यापासून गच्चीपर्यंत अर्जेंटिना लावणारे,
पेनल्टी हुकली तेव्हा
घरातलं कोणी गेल्यासारखे पायरीवर बसून राहिलेले.
मी त्यांना हसत नाही.
माणसाला प्रेम करायला काहीतरी जिंकणारं लागतं
आणि ते लांबचं असलं
तर घरखर्चात येत नाही.

वीसातले अकरा पास परत आले.
एकाच्या मागे हिशोब होता: दूध, पेपर, इस्त्री.

एकशे त्र्याऐंशी माणसं.
दाजींनी मोजली होती,
चणेवाला धरून, पोलीस सोडून.
कर्ण्यातून राष्ट्रगीत खरखरत सुरू झालं
आणि ते त्यांच्या रेघेला बूट लावून उभे राहिले,
मणिपूरचे, गोव्याचे, मलप्पुरमचे,
एक आपला नागपाड्याचा,
एकमेकांचं बोलणं अर्धंच कळणारे,
छातीवर एकच चित्र.
कॉर्नरच्या झेंड्यापाशी डबा खाली ठेवून
दाजी.
हात मांड्यांना चिकटवून, ताठ.
एवढे ताठ ते लग्नाच्या फोटोतही नाहीत.

दोन-शून्य हरलो.
दुसरा गोल आपल्याच माणसाच्या गुडघ्याला लागून.
नंतर एक बारका विंगर बुटाचा चिखल काडीने खरवडत होता,
दाजींना म्हणाला, "काका, लाइन अच्छा था."
हे त्यांनी घरी तीनदा सांगितलं.
स्कोर एकदाही नाही.

रात्री आईने खाकी पँट धुवायला घेतली
तर दोन्ही मांड्यांवर दोन पांढरे पंजे,
बोटं सुटी सुटी, मोजता येतील अशी.
धुऊ नको, असं माझ्या ओठांवर आलं होतं.
तिने धुतली. दुसरी पँट नव्हती.

परवा त्यांना मैदान बघायला नेलं.
प्लास्टिकचं गवत, रेघा त्यातच विणलेल्या,
पुसत नाहीत, वाकत नाहीत.
वाकून त्यांनी अंगठा घासला,
मग अंगठा उन्हात धरून पाहिला.
काही लागलं नव्हतं.
निळ्या टीशर्टातल्या मुलींचा सराव चालला होता.
दाजी काठी टेकत वर्तुळावर गेले आणि चालू लागले,
एकेक पाऊल रेघेवर, मागे न बघता.
मुली थांबल्या. एकीने बॉल पायाखाली धरला.
"अंकल, काही पडलंय का?"

दाजींनी उत्तर दिलं नाही.
अजून पाव फेरी उरली होती.